तहान लागलेली नव्हती

गुरुवार, दिनांक १४

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता ठीक आहोत. तुझे क्षेम मला कळत असते. तुझी आई तुझ्याशी फोनवर बोलायला स्वयंपाकघरात जाते आणि नळ सोडून ठेवते. माझे हातपाय गेले आहेत, वाचा गेली आहे. कान गेलेले नाहीत.

हस्ताक्षर तुझ्या आईचे असले तरी मजकूर सर्वस्वी माझा आहे. हे आरंभीच स्पष्ट करतो, कारण पुढील सर्व प्रकरण याच मुद्द्यावर अडलेले आहे.

वाचोपचार करणाऱ्या बाई घरी येतात. त्यांनी आम्हांस एक पारदर्शक पाटी दिली आहे. तिच्यावर अक्षरे गटागटाने चिकटवलेली आहेत. तुझी आई ती पाटी आम्हा दोघांच्या मध्ये धरते. मी ज्या अक्षराकडे पाहतो ते ती पलीकडून ओळखते आणि लिहून घेते. काना, मात्रा, वेलांटी यांकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. एक वाक्य पूर्ण होईपर्यंत तिचा चहा गार होतो. मला थोडक्यात बोलता येत नाही, अशी तिची तक्रार आहे.

"अहो, तुमचं वाक्य संपेपर्यंत माझे केस पांढरे व्हायचे," असे ती आत्ताच म्हणाली.

तिचे केस पूर्वीच पांढरे झालेले आहेत, हे मी अक्षर अक्षर दाखवून तिच्याकडूनच येथे लिहवून घेत आहे.

आता मुद्दा. माझ्यासारख्या माणसांसाठी एक यंत्र असते. पडद्याखाली कॅमेरा असतो, नजर स्थिरावेल ते अक्षर पडद्यावर उमटते आणि वाक्य झाले की यंत्र ते मोठ्याने बोलते. पाटी धरायला कोणी लागत नाही. विकत घेणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, परंतु एक समिती तपासणी करून पात्र माणसास ते देते. बाईंनी अर्ज केला होता.

मला यंत्राची हौस नाही. गेल्या महिन्यात तुझी आई न्हाणीघरात घसरून पडली. ती पडल्याचा आवाज मी ऐकला, बादली लवंडल्याचा ऐकला, आणि मग काहीच ऐकू आले नाही. शेजारचे लोक घरात होते. भिंतीपलीकडे त्यांची भांडी वाजत होती. कोर्टाच्या आवारात शिपाई म्हणून मी नाव पुकारले की झाडाखाली झोपलेले पक्षकार दचकून उठत. तो मी, एका भिंतीपलीकडे हाक मारू शकलो नाही. छताकडे पाहत पडून राहिलो. पुष्कळ वेळाने ती आपली आपण उठली. मनगट अजून सुजलेले आहे. (हे तुला कळवू नये असे तिचे म्हणणे आहे. तरीही ती लिहून घेत आहे, हे तिच्या प्रामाणिकपणास धरून आहे.)

त्यानंतर तपासणी झाली. टेबलापलीकडे समितीचे तिघे बसले होते. तुझ्या आईस पाटीसह बाहेर थांबण्यास सांगितले. माझ्यासमोर चित्रांचा पडदा ठेवला : पाण्याचा पेला, बिछाना, हसरा चेहरा, रडका चेहरा. तिघांतील एक तरुण गृहस्थ वाकून, मी बहिरा असल्यासारखे ओरडले, "आजोबा, तहान लागलीय ना? मग कुठं बघायचं? दाखवा पाहू!"

मी त्यांचा आजोबा नव्हे. आणि मला तहान लागलेली नव्हती.

मला तहान लागू नये म्हणून तुझ्या आईने निघतानाच चमच्या-चमच्याने पाणी पाजले होते. तू जाणतोस, माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. पुढचे सारे मी कोर्टात उभे राहून शिकलो. अधिकाऱ्यांसमोर जे खरे नाही ते सांगायचे नाही, हे तेथे जन्मभर ऐकले. म्हणून मी डोळे मिटून घेतले. 'नाही' म्हणण्याची माझी तीच खूण आहे. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी डोळे उघडलेच नाहीत, आणि त्यात मात्र, कबूल करतो, राग होता.

नकाराचे पत्र आले. 'अर्जदारास प्रश्न समजत असल्याचे आढळून आले नाही.'

तुझी आई पत्र हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "तहान नव्हती म्हणून काय झालं? नुसतं बघायचं होतं ना पेल्याकडे! जन्मभर लोकांच्या शपथा ऐकल्यात आणि त्या सगळ्या स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतल्यात! मी पडले तेव्हा कुठं गेली होती तुमची शपथ?" नंतर ती रडली. मी नजरेने पाटी मागितली, तिने दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दिली.

बाई आल्या तेव्हा त्यांनीही डोक्यास हात लावला. "काका, ती परीक्षा तहानेची नव्हती हो. नजरेची होती."

हे मला अगोदर कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आमच्या कोर्टात रीत होती. नाव तीन वेळा पुकारायचे. तिसऱ्या पुकाऱ्यास उत्तर आले नाही की गैरहजर. अशी शेकडो माणसे माझ्या आवाजाने गैरहजर झाली. त्यांतील काही दाराबाहेरच उभी असतील, घाबरून, किंवा नाव नीट न ऐकू आल्यामुळे, हे मला कधी सुचले नाही. तपासणीच्या त्या खोलीत मी टेबलापासून हातभर अंतरावर होतो.

बाईंनी फेरतपासणी मिळवली आहे. येत्या नऊ तारखेस, सकाळी. या वेळी पाटी चालेल. परंतु समितीस शंका आहे की पाटीवरचे शब्द माझे नसून तुझ्या आईचे आहेत. ती माझ्या नावावर आपलेच बोलते, असा त्यांचा संशय. ("तसं असतं तर हे पत्र कधीच संपलं असतं," असे ती म्हणाली. नोंद घ्यावी.) तेव्हा त्यांनी अट घातली आहे. घरात न राहणारा एक नातलग हजर असावा. त्याला आणि मला ठाऊक असलेली, पण तुझ्या आईस मुळीच ठाऊक नसलेली एक गोष्ट त्याने समितीस आधी एकांतात सांगावी. मग तीच गोष्ट मी नजरेने सांगावी आणि तुझ्या आईने पाटीवरून वाचावी. दोन्ही जुळले तर शब्द माझे ठरतील आणि यंत्र मिळेल. ही शेवटची संधी आहे.

बाईंनी विचारले, "असं कोणी आहे का, काका?" मी बराच वेळ पाटीकडे पाहिले नाही. त्यांना वाटले, मी दमलो.

शनिवार

दोन दिवस पत्र तसेच ठेवले होते. आज पुढे लिहितो.

तू कोर्टातली नोकरी सोडून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलास, हे मला मान्य नव्हते. त्याविषयी आता पुन्हा युक्तिवाद करीत नाही. ज्या दिवशी तू घर सोडलेस, त्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होतो आणि तू पिशवी घेऊन खाली वळणावर. तुझी आई देवळात गेली होती. तू मान वर करून मला एक प्रश्न विचारलास. तोच प्रश्न तू तीन वेळा विचारलास. तेव्हा माझा आवाज शाबूत होता. मी उत्तर दिले नाही.

त्यानंतर इस्पितळात तू आलास, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मला झोप लागलेली नव्हती.

तुझा प्रश्न मला शब्दशः आठवतो. येथे लिहू शकत नाही, कारण लिहून घेणारी तुझी आई आहे आणि तिला तो ठाऊक नसणे हाच आपला पुरावा आहे. ती आत्ता पाटी खाली ठेवून म्हणते आहे, "कसला प्रश्न? बाळ्यानं काय विचारलं होतं? मला आत्ता सांगा, नाहीतर तुमचं पत्र तुम्हीच लिहा!" मी डोळे मिटले आहेत. ही खूण तिला चांगली समजते. ती रागावली आहे, तरी पाटी पुन्हा उचलली आहे.

नऊ तारखेस तू आलास तर ते आधी तुला विचारतील आणि नंतर मला. मी तुझा प्रश्न त्यांच्यासमोर काना-मात्रेसह सांगेन. तेथे माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे. त्यांचे काम तेवढ्याने संपेल.

माझे संपणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी आहे. ते तेव्हाही माझ्याजवळ होते, एका शब्दाचे. ते मला यंत्राकडून वदवायचे नाही. पाटी तू स्वतः धर. तुझ्या आईसारखा घाईने शब्द पुरा करू नकोस. पुरा होईपर्यंत थांब.

या खेपेस डोळे उघडे ठेवीन.

नाव पुकारले जाण्याची वाट पाहत,
हजर असलेला
तुझा बाप