पाणी काढून दे

धाकट्या,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

"चिकन उकडून आईला पाणी काढून दे," असं मी लिहिलं होतं. आणि तू अभिमानाने कळवतोस, की पाणी मोरीत ओतलं आणि चिकन तिला वाढलं? तापातून उठलेल्या, दात नसलेल्या बाईला तो चोथा? डोकं गहाण टाकलंयस का?

आता नीट वाच. चिकन गार पाण्यात टाक, आलं-मीठ घाल, मांस हाडापासून सुटेपर्यंत मंद आचेवर ठेव. मग ते पाणी वाटीत घेऊन तिला पाज.

मी बरी आहे. इथे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात चाळीस आजाऱ्यांना रोज हेच देते.

आई तुला काही बोलणार नाही. मलाही फोनवर हसत एवढंच म्हणाली, "आपली मांजर हल्ली फार गुबगुबीत झालीय."

तुझी,
ताई