मावशीच्या धवल्यांची दुसरी कॉपी

११ मार्च १९८९, बोईसर
शेवटी कॅसेटी बाहेर काढल्या. सात आहेत. मावशी नवापूरला धवलारीण म्हणून लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणायची, तेव्हा मांडवाच्या खांबाशी टेप ठेवून मी भरलेल्या. अर्धांगाने आता तिची जीभ जड झालीय, एक हात गेलाय. म्हणजे जे काय उरलंय ते या डब्यात. आणि अवस्था बघा! खाऱ्या हवेने दोघींवर बुरशी, आणि एकीवर माझ्याच अक्षरात ‘हळद??’. ह्यांना म्हटलं, प्रत्येकीची कॉपी करायची. "आधी झोपू दे, नाइट करून आलोय."

१४ मार्च
शेजारच्या मिश्राजींचा टेप आणला. आपला एक, त्यांचा एक, समोरासमोर. कोणी हलायचं नाही असा हुकूम सोडला. कॅ. १ झाली, ऐकली. मावशीचा आवाज सुरेख आलाय. मागून आमचा कुकर. मिश्राजी म्हणतात, "दीदी, बीच में तार लगाओ ना." अहो, मग तार आधी द्यायची!

१९ मार्च
तारेने बाकीच्या झाल्या. कॅ. १ पण पुन्हा करायची होती, पण कंटाळा. मूळ कॅसेटींचे मागचे प्लॅस्टिकचे कान मोडले, म्हणजे वर दुसरं काही भरता येणार नाही. ह्यांना कशावरही सिनेमाची गाणी भरायची खोड. लाल लेबल मूळ, निळं कॉपी. मूळ नवापूरला मावशीच्या घरी वहिनीकडे, कॉप्या इथे. दोन्ही एका घरात नकोत, आग-पाणी काय सांगून येतं?
हळदीची तेवढी राहिली. दमट झालीय, फिरतच नाही. वहिनीला बजावलं, ही कोरडी ठेव, पुढच्या खेपेला बघू.

२६ मार्च, नवापूर
अंगणात चटईवर जवळा वाळत घातलेला. चटईच्या कोपऱ्यात, भर उन्हात, हळदीची कॅसेट! वर जाळं, कावळ्याने नेऊ नये म्हणून.
वहिनी म्हणाली, "तूच बोललीस ना दमट हाय? दोन उनं दिली. उलटीपण केली."
कव्हर पापडासारखं वाकलंय. नाही नाही ते बोलले तिला. ती रडायला लागली. तिच्याच सुनीताचं लग्न आहे मे महिन्यात, मांडवात कर्ण्यावर हीच लावायची ठरलेली. बोंबील असो की कॅसेट, दमट लागलं की ऊन द्यायचं, तिला दुसरं काय ठाऊक? फार वाईट वाटतंय.

२ एप्रिल, बोईसर
मिश्राजींनी स्क्रू काढून फीत दुसऱ्या कव्हरात घातली. जवळ्याचा वास अजून येतोय, मिश्राजी शाकाहारी, नाकाला रुमाल बांधून बसले. पण फिरली! मधे कुठेकुठे आवाज लांबतो, चालेल. कॉपी केली, कॉपीचीही कॉपी केली. नवापूरला निरोप धाडला.

९ एप्रिल, नवापूर
मावशीला ओटीवर बसवून हळदीची कॅसेट लावली. मान डोलत होती. एकदम तिने धड हात आपटला. "कु… कुसूम."
पुन्हा लावली. पुन्हा हात. मग शब्द शब्द ओढून, "कुसूमचं लगीन झालं."
खरंच की. धवल्यात नवरा-नवरीची नावं घालून म्हणतात. ही शेजारच्या कुसुमच्या हळदीत भरलेली. कुसुमला आता दोन पोरं. तिच्या नावाने सुनीताला हळद कशी लावायची? बाकीच्या कॅसेटीही कुणा ना कुणाच्या नावाच्या. मी भरताना टेपचा काटा हलतोय का एवढंच बघायचे.
वहिनीची युक्ती: नाव आलं की टेप थांबवायचा, आपण "सुनीता" म्हणायचं, परत लावायचा. करून पाहिलं. मावशी हसून हसून ठसकली. आम्हीही. सुनीता हसता हसता रडायलाच लागली. "रावदे. माजं बिनधवल्याचं होऊ दे."
तारापूरची धवलारीण त्या दिवशी दुसऱ्या मांडवात. विचारून झालं.

१६ एप्रिल, नवापूर
मावशीने माझ्याकडे बोट केलं. "तू म्हन."
मी? मला कुठला सूर? मी आपली बटण दाबणारी. वहिनीकडे बघितलं तर ती माझ्याकडेच बघतेय. इतकी वर्षं ऐकतेस, पाठ नाय तुला? असं मावशीच्या डोळ्यांत. नाही म्हणवलं नाही. हो पण म्हटलं नाही.

२८ एप्रिल, बोईसर
शिवणयंत्रावर बसून म्हणते. आज दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावल्या. निळं लेबल झिजत चाललंय, लाल सुखरूप आहे. कॉपी कशासाठी करतात ते आता कळतंय. हे म्हणतात, बिनतक्रार जेवतोय हेच नशीब. पण काल स्वतःच गुणगुणत होते आंघोळीला.
नाव आलं की तोंडात अजून कुसूमच. मांडवात असं झालं तर सुनीता मला जन्मात माफ करायची नाही.

७ मे, नवापूर
उद्या हळद. सगळे मांडवाला आंब्याचे टहाळे बांधण्यात. मी मावशीजवळ, मधे टेप. सुरुवात टेपबरोबर केली. थोडं झाल्यावर मावशीने स्वतःच बटण दाबून तो बंद केला.
एकटीच म्हणत राहिले. बरं चाललं होतं. मग पुढचं आठवेना. कोरं. हात टेपकडे गेला तर तिने मनगट धरलं, त्या एका हाताने, घट्ट. सांगणारही नाही, लावू देणारही नाही. नुसती बघत बसली.
मग जे तोंडात आलं ते म्हटलं. नाव सुनीताचं आलं. ओळ मावशीची की माझीच, देव जाणे. विचारलं, बरोबर हाय का गं? तिने मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले.
वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "उद्या टेप लावू खांबाला? तुजं भरून ठेवू?"
रडू आलं मला.