मेंबरला परत नेण्याविषयी

व्याहीबुवा नवनीतभाई यांस,

शहाद्याकडून नवलचा रामराम घ्यावा. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? (आमच्या हिचाही दुखतो, पण दुसऱ्या बाजूचा. दोघींचे मिळून दोन चांगले आहेत.)

तुम्ही फोनवर विचारलंत, मेंबरला परत कधी पाठवता, तिकडे खापर गावी तुमच्या पपईच्या बागेत रानडुकरं शिरताहेत. फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलू देत नाही, म्हणून लिहितो. कुत्र्याचं नाव मेंबर का, हे मी व्याही असून कधी विचारलं नाही. (तुम्ही ग्रामपंचायतीला पडल्यावर घरात एक तरी मेंबर असावा म्हणून ठेवलं, असं सूनबाई सांगते. मी हसलो नाही.)

आपल्या नातीचं तुम्हाला ठाऊकच आहे. चेतना नऊ वर्षांची, इन्सुलिन चालू, पण मधूनच साखर एकदम उतरते, पोरीला स्वतःला कळत नाही आणि बोलता बोलता गप्प होते. शाळेत दोनदा झालं. वासावरून हे ओळखणारा तयार कुत्रा मिळायला लांबलचक रांग, म्हणून तुमच्या जावयांनी, हेमकांतने, पुण्याच्या कोकिळा मॅडमकडून मोबाइलवर शिकवणी लावली आणि तुम्ही मोठ्या मनाने तीन महिन्यांसाठी मेंबर दिलात. आता त्याचे गुण ऐका.

साखर उतरली की पोरीचा घाम कापसाच्या बोळ्याने टिपायचा, डबीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा, आणि तो वास ओळखून मेंबरने पंजा दिला की त्याला खाऊ द्यायचा, अशी पद्धत. सहा बोळे जमले. एकादशीला आमच्या हिने फ्रीज साफ केला, बोळे काढले, उन्हात वाळवले आणि वाती वळल्या. सूनबाई दीपमाला रडायला लागली, तर ही शांतपणे म्हणते, "चांगला कापूस शे, वाया काबर घालाना?" सहाही वाती देवापुढे जळाल्या. मग नव्या बोळ्यांसाठी आम्ही साखर उतरायची वाट बघत बसलो, आणि ती उतरू नये म्हणून त्याच देवाला हात जोडत राहिलो. देवाचाही गोंधळ उडाला असणार.

खाऊ म्हणून मॅडमनी उकडलेलं चिकन सांगितलं. आमच्या माळकरी घरात ते कुठून येणार? तूप लावून बट्टी दिली. आता दाळबट्टी शिजली की मेंबर दिसेल त्याला पंजा देतो. मागच्या रविवारी त्याने दूधवाल्याला दिला, तलाठ्याला दिला आणि भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोलाही दिला. तलाठी घाबरून दोन चमचे साखर खाऊन गेला. शिवाय मेंबर इतका सुटलाय की डुक्कर दिसलं तर त्याच्यामागे धावणार नाही, शेजारी बसेल. असा कुत्रा बागेवर ठेवून गावात तुमचंच हसं होईल, म्हणून आधीच कळवलं. विहीणबाईंना नमस्कार, शेक बंद करू नये.

आपला,
नवल

ता.क. वरचं सगळं खरं आहे, पण मंगळवारचं लिहिलं नाही. चेतना शाळेतून येऊन माजघरात झोपली होती. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मेंबरने येऊन गुडघ्यावर पंजा ठेवला. त्या दिवशी बट्टी नव्हती, तरी मला वाटलं सोंग करतोय, चप्पल मारली. आत जाऊन परत आला, पुन्हा पंजा. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा त्याने पायजमाच धरला. त्याला हाकलायला उठलो, तर ओढत पोरीपाशी घेऊन गेला. उशी घामाने ओली. डोळे उघडले, पण मला ओळखेना. मशीनवर एक्केचाळीस. घोट घोट ग्लुकोजचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, तुन्हा पायजमा काबर फाटना?" मी तिथंच बसून रडलो. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

ता.क. २. मेंबर आम्हाला द्या, नवनीतभाई. दोन चपला मारून मग मागायला तोंड नव्हतं, म्हणून आधी त्याची बदनामी केली. बागेच्या राखणीला त्याच्याऐवजी मी येतो. भुंकता येत नाही, पण माझा खोकला लांबवर ऐकू जातो.