दोन हिरवे दिवे

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची. नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. बसमधून उतरले तर काका स्वतः घ्यायला आलेले. काका म्हणजे माझे मालक, फोटो स्टुडिओवाले. मी साहेब म्हणायला गेले तर म्हणाले, साहेब कसले, सगळे काकाच म्हणतात. सत्तरीला टेकलेला माणूस, पण माझी बॅग मला उचलू दिली नाही. येणारीचं सामान कमी असावं, अशी जाहिरातीतच अट होती. माझी एक बॅग आणि एक उशी. उशी बघून खूश झाले.

खाली स्टुडिओ, वर राहायच्या खोल्या. पुढे काउंटर, मागे माझं टेबल. जुने फोटो दुरुस्त करायचे, लग्नाचे अल्बम लावायचे, लोकांच्या सुरकुत्या पुसायच्या आणि आपण मुळातच असे दिसतो असं त्यांना वाटू द्यायचं. हे काम आधी काकू करायच्या. त्या मागच्या वर्षी गेल्या. खुर्चीवरची गादी अजून त्यांच्या बसण्याने दबलेली आहे. मला अगदी बेतल्यासारखी बसली.

टेबलावरच्या फळीवर एक काळा डबा आहे. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं सामायिक कपाट म्हणायचं. वरच्या खोलीतून ठेवा, खालच्या खोलीतून काढा. काकांचे आजवरचे सगळे फोटो त्यात आहेत, गिऱ्हाइकांचे आणि घरचेही. डब्याला दोन कप्पे, दोन दिवे. एक हिरवा, एक लाल. काकू गेल्या त्याच आठवड्यात दुसरा लाल झाला म्हणे. काकांनी भीतीपोटी हात लावला नाही.

संध्याकाळी ताईकडे फोन केला. माझी लेक सध्या तिच्याकडे आहे. दिवसभर काही ना काही कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. दुसरीची परीक्षा झाली की महिनाअखेरीला ताई तिला इकडे आणून सोडणार. काकांना मी हे सांगितलं. बघू, अजून अवकाश आहे, म्हणाले. खारूचा पुढचा दात हलतोय. जिभेने ढकलू नकोस म्हटलं तर फोनवरच ढकलून दाखवला.

मंगळवार, ४ मार्च

आल्याआल्या पराक्रम केला. लाल दिव्याची डिस्क बदलली.

डब्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला होता. भला माणूस, पण एकदा सुरू झाला की थांबत नाही. दोन कप्प्यांत दोन डिस्क, म्हणाला, आणि दोन्हींत एकच माल. एक मेली की ती काढायची, रिकामी घालायची, भरलेली तिला आपोआप भरते. फक्त नवी डिस्क रिकामी हवी. तिच्यावर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाणार. शिवाय बजावलं की ही जोडी म्हणजे बॅकअप नव्हे. इकडचं पुसलंत की तिकडचंही गेलं. म्हणून एक प्रत नेहमी घराबाहेर ठेवावी. काकांना हे सांगितलं तर त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला. म्हणाले, घराबाहेर कशाला, घरातलं घरात राहू दे.

डिस्क आत सरकवली, खट्कन बसली. दिवा पिवळा होऊन लुकलुकायला लागला आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली. काकांचे डोळे भरून आले. मला उगाच मोठं काही केल्यासारखं वाटलं.

बक्षीस म्हणून डब्यात मला स्वतःचा फोल्डर मिळाला. फोन कधीचा गच्च भरला होता. खारूचे जन्मापासूनचे सगळे फोटो त्यात टाकले आणि फोन मोकळा केला. सुटल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

काम जोरात. आज एक गिऱ्हाईक आलं, त्याला लग्नाच्या फोटोतून मेहुणा काढून हवा होता. काढला. मग म्हणे तिथे रिकामं दिसतं, एक कुंडी ठेवा. मेहुण्याची कुंडी झाली.

हात मात्र छान बसलाय. कात्री हवी होती, बघितलंही नाही, डावीकडच्या तिसऱ्या खणात हात घातला तर कात्री. चहा टाकला, काकांना बिनसाखरेचा दिला आणि मग लक्षात आलं की मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. काका कप हातात धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, अगं, अगदी तसाच झालाय. सोमवारी मी तुम्ही होते, आज अगं झाले. म्हातारा माणूस, चालायचंच.

पट्टी अजून पाव भागावरही नाही.

मंगळवार, ११ मार्च

खारूचे पुढचे दोन्ही दात पडले. शीळ वाजवता येत नाही म्हणून रडली, आणि बोळक्याने बोलताना आपलंच ऐकून हसली. हसून माझी पुरेवाट झाली.

नंतर तिचा पहिला दात कधी आला ते आठवायला गेले. आठवेना. बरं, दात राहू दे, पण ती रांगायची तो चेहरा? तोही नाही. फोटो बघावेत म्हणून फोल्डर उघडला. सगळ्यात जुना फोटो तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा. त्याआधीचं काहीच नाही. मी चढवायलाच विसरले की काय? ताईला विचारलं तर ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना, पाळण्यातले तर तू रोज काढायचीस.

असेन काढत.

दुसरीही एक गंमत. गंमतच म्हणूया. काकूंचा एक फोटो दुरुस्तीला घेतला होता, तरुणपणीचा, कुठल्याशा तळ्याकाठचा. बघता बघता मला आठवलं की त्या दिवशी चप्पल चावत होती आणि टाचेला रुमाल बांधला होता. फोटोत पाय नाहीत. काकांना विचारलं. कुणाला सांगितलं नव्हतं कधी, म्हणाले, आणि देवघरात उभं राहावं तसे माझ्यापुढे उभे राहिले.

शनिवार, १५ मार्च

फोटो काकांनी पुसले. मी विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. लपवाछपवी नाही, काही नाही. म्हणाले, जागा लागते गं, भरायचं अजून बरंच आहे. आणि त्या फोटोंत तू कुठे होतीस.

कुठे होते? फोटो काढणारी मीच ना. संतापले, नको नको ते बोलले. नोकरी सोडते म्हटलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. आणि एवढं तोंड चालू असताना माझा हात आपण होऊन पुढे गेला आणि त्याने त्यांच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर नीट केली. मायेने. वर्षानुवर्षांची सवय असावी तशी.

तो हात घेऊन मी बराच वेळ खोलीत बसून राहिले. मला भीती वाटते आहे. लिहून टाकते म्हणजे खोटं ठरायला नको.

राहिलेले फोटो फोनवर परत घ्यायला गेले. डबा दाखवतो, देत नाही.

बुधवार, १९ मार्च

दुरुस्तीवाल्याला फोन केला, काका बाहेर गेलेले बघून. पुसलेलं परत येईल का? नाही येत म्हणाला, सांगितलं होतं ना. मग त्यानेच विचारलं, पट्टी कुठवर आली. अर्ध्याच्या पुढे आहे म्हटलं.

तो गप्प झाला. असा माणूस गप्प झाला. मग म्हणाला, बाई, एवढी डिस्क एका दिवसात भरते. तुमची कधीच भरून झाली असणार. दुसरा दिवा बघा.

बघितला. दोन्ही दिवे हिरवे. कधीपासून कोण जाणे.

आणि पट्टी चालूच.

मग तो डबा भरतोय तरी काय, असं त्याने विचारलं. मी फोन ठेवला. मला उत्तर आलं होतं. रिकामी हवी, आधीचं काही असेल तर पुसलं जाणार. सामान कमी असावं.

शनिवार, २२ मार्च

बॅग भरली, भर दुपारी निघाले. बसथांब्यापर्यंत गेले, ते नक्की आठवतं. मग हातात भाजीची पिशवी, आणि मी मागल्या गल्लीने परत. ती गल्ली मी कधी पाहिलेली नाही. पण खड्डा आला तिथे पाय आपोआप बाजूला पडला. बॅग कुठे गेली?

डब्यात नाही असं माझं एकच काही आहे. ही वही. हीच माझी घराबाहेरची प्रत. म्हणून इथे लिहिते, ठळक लिहिते:

खारू. माझी मुलगी. वय सात. पुढचे दोन दात नाहीत. डाव्या भुवईवर व्रण, झोपाळ्यावरून पडली होती. सारखं काहीतरी कुरतडते. रविवारी तीसला सकाळी ताईबरोबर येणार. तिला ओळख. काही झालं तरी तिला ओळख.

सोमवार, २४ मार्च

प्लग काढला. दिवे गेले आणि माझे पाय गेले. फरशीचा गारवा गालाला लागला एवढंच कळलं. उठले तेव्हा पलंगावर होते, अंगावर पांघरूण. दिवे लागलेले.

काका उशाशी. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. समजावून सांगतात, आता मध्येच तोडलंस तर ना ती राहील ना तू. थोडंच उरलंय. दुखतं का कुठे?

दुखत नाही. तेच तर —

दोन कप्पे. यातला माझा कुठला?

बुधवार, २६ मार्च

संध्याकाळी फोन वाजला. कोणी लहान मूल होतं. राँग नंबर म्हटलं आणि ठेवला. पुन्हा वाजला. रडत होतं. पोरांच्या हातात फोन देतातच कशाला, असं मनात आलं. मग वही उघडली. ते पान.

देवा.

उलट फोन केला. ताईने घेतला, वाट्टेल ते बोलली मला. बोलू दे. मी म्हटलं रविवारी नको, उद्याच ये, आत्ता निघ. ताई म्हणाली परीक्षा शुक्रवारी संपते, वेड लागलंय का तुला. खारूला दे म्हटलं. खारू बोलायला येईना. मी असं का केलं, एवढंच विचार म्हणाली म्हणे मावशीला.

फोल्डरमध्ये एक फोटो उरलाय. झोपाळ्यावर एक मुलगी. कपाळाला पट्टी. मी तो सोडून उठणार नाही.

शुक्रवार, २८ मार्च

उठले होते. यांना चहा द्यायला. यांना नव्हे — काकांना. काका. काका. काका.

परत आले तर फोल्डर रिकामा. पट्टी नखाएवढी उरलीय.

वहीतलं ते पान वाचते. कळतं सगळं. वाणसामानाची यादी कळावी तसं. आत काही हलत नाही. तिचा आवाज कसा — बोळक्याने कशी —

अक्षर तिरकं पडतंय. मी तिरकं लिहीत नाही. हे म्हणतात आता झोप, उद्या बरं —

हे नव्हे —

रविवार, ३० मार्च

सकाळ प्रसन्न आहे. कधीची झोप काल झाली. खाली येऊन आधी डबा पाहिला, दोन्ही दिवे हिरवे, पट्टी गेली. यांनी लाल होऊ दिला होता इतके दिवस, काळजी म्हणून नाही. मी नसले की हे असंच.

माझ्या खणात ही वही सापडली. पुढची पानं कोणीतरी लिहिलेली आहेत. त्यांना यांनी काळी चिमटी लावून दिली, मध्यंतरी कामाला आलेल्या बाईंची आहेत म्हणे, दुसऱ्याचं कशाला वाचायचं. खरंच आहे. कोऱ्या पानावर हिशेब लिहीन.

चहा झाला. यांनी बिनसाखरेचा घेतला आणि माझ्याकडे बघून डोळे टिपले. वय झालं की माणूस हळवं होतं.

बेल वाजली. हे पुढे गेलेत. मला इथून काचेच्या दारातून दिसतंय. कोणी बाई आली आहे, यांच्याशी हातवारे करून भांडते आहे. फोटो बिघडला असेल. बरोबर एक मुलगी आहे, तिचं भांडणाकडे लक्ष नाही. बिस्किट कुरतडत काचेला नाक लावून उभी आहे आणि माझ्याकडेच बघते आहे. डाव्या भुवईवर जुना व्रण. फोटोत सहज पुसता येईल.

हसली. पुढचे दोन दात नाहीत. फार गोड.

काच जाड आहे, काय म्हणते ते ऐकू येत नाही. ओठ मिटतायत, उघडतायत, पुन्हा पुन्हा तेच. आता रडायला लागली. बाईचं लक्षच नाही. कोणाची पोर असेल बिचारी, जाऊन विचारते तिला, बाळा, तू कोणा—