निळ्या पिंपातली नाचणी

पनवेल, लाइन आळी
३ मार्च १९९१

चि. सौ. भामावन्सं यांस वहिनीचे अ. उ. आ.

मी आणि आई ठीक आहोत. तुम्हा सर्वांची खुशाली कळत राहावी. आई म्हणतात, मुलगा गेला आणि सून दुकानदारीण झाली, आता घरात बोलायला भिंतीच उरल्या. असं म्हणतात आणि पिठाची चाळणी मात्र माझ्या हातातून ओढून घेतात.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. वाण्याकडे ठेवलेल्या माझ्या नाचणीच्या सत्त्वाच्या पुड्या साबणाच्या वड्यांशेजारी धूळ खात पडायच्या. त्या उचलून आणल्या. आता ज्या घरी दोरीवर लंगोट वाळताना दिसतात त्या घरी जाते. पुडी आधी काढत नाही. डब्यात शिजवलेली पेज नेते आणि बाळाच्या आईलाच चमचाभर चाखायला देते. कोरडं पीठ बघून कोणाला काही कळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं निघालं.

वहीही घातली. बाळाचं नाव, महिने, पुडी कधी नेली. पंधराव्या दिवशी परत जाते, आधी दात आले का ते विचारते, पिठाचं नंतर. एकतीस घरं झाली. कापडवाल्यांची सून हेतलबेन, तिचा मुलगा सात महिन्यांचा, तिने आपणहून आणखी पाच घरं मिळवून दिली.

पातेल्यात भिजवून माल पुरेना, म्हणून महादेव भंगारवाल्याकडून एक निळं पिंप आणलं. कंपन्यांतून आलेली असतात ती. अर्ध्या पनवेलचं पाणी त्याच्याच पिंपांत भरलेलं असतं. राखेने तीनदा घासून घेतलं. पाडव्याला तुमच्या निनादसाठी पुडी पाठवते.

आहे ती माया तशीच असू द्यावी.
तुमची वेणूवहिनी


सातारा
१२ मार्च १९९१

ती. स्व. वहिनीस भामाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की हे विचारायला लागले काय झालं. आमच्या घरात आलीस तेव्हा पाणी हवं का हेसुद्धा तू कोणाला मोठ्याने विचारत नव्हतीस, आणि आता परक्या दारात उभी राहून दात मोजतेस! दादा असता तर गावभर सांगत सुटला असता.

आता पुढचं ऐक. माझा मसाला सहा वर्षं चालला तो यावर. कोणी घासाघीस केली तर मूठभर जास्त दे, पण भाव पाडू नकोस. पाडलेला भाव पुन्हा चढत नाही. पुडीवर दळल्याची तारीख घाल. चार दिवसांची लहान पुडी कर, अनोळखी बाई मोठी घ्यायला कचरते. आणि उन्हाळ्यात लेकी बाळं घेऊन माहेरी येतात, त्या सगळ्या एसटी स्टँडवरून जातात. उरण, पेणच्या गाड्या लागतात तिथे तासभर उभी राहत जा. लाजू नकोस. बाळ रडत असेल त्या बाईशी आधी बोल.

आईला नमस्कार. तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस, चाळणी सोडत नाही म्हणजे ती खूश आहे.

धाकटीवर जीव असतोच, तो कळवत राहा.
भामा


पनवेल
९ एप्रिल १९९१

चि. सौ. भामावन्सं यांस अ. उ. आ.

हे पत्र तुम्ही एकट्याच वाचा.

हेतलबेनच्या मुलाला तीन दिवस उलट्या झाल्या. सलाईन लावावं लागलं. काल घरी आणलं. मी पंधराव्या दिवसाची फेरी म्हणून गेले तेव्हा हे कळलं. तिची सासू म्हणाली, उन्हाचं आहे. माझ्या पिठाचं नाव कोणी काढलं नाही. उलट हेतलबेन म्हणाली, बरा झाला की पहिली पेज तुमच्याच पिठाची, वेणूताई. वहीतली आणखी दोन घरं त्याच गल्लीत आहेत. त्यांतल्या एकीच्या मुलीलाही पोटाचं झालं होतं.

तशीच महादेवकडे गेले आणि पिंपात आधी काय होतं ते विचारलं. तो हसला. म्हणाला, ताई, असं विचारून पिंप नेणारी तुम्ही पहिल्याच. तळोज्याहून गाडी भरून येतात, कशात रंग, कशात ॲसिड, कशात साबणाचं पाणी. धुतलंत ना? मग झालं.

वाचनालयातून बाळाच्या आजारांचं पुस्तक आणलं. प्रत्येक पानावर मला तेच दिसतं. भिजवणं बंद केलं आहे. रस्त्यात एखादं मूल रडलं तरी मी मान वर करत नाही. निनाद कसा आहे ते आधी कळवा. आणि मी काय करू ते सांगा.

वेणूवहिनी


सातारा
१४ एप्रिल १९९१

ती. स्व. वहिनीस सा. न. वि. वि.

निनाद ठीक आहे. आठ दिवस खात होता. दिवसातून दहादा त्याच्या कपाळाला हात लावून बघते.

तू कोणाला काही बोलू नकोस. डॉक्टर उन्हाचं म्हणत असतील तर उन्हाचंच असेल. जुनं पीठ संपवायचंय, नवं चांगलं आलंय, असं सांगून पुड्या बदलून घे, म्हणजे काम झालं आणि बोभाटाही नाही. बाळाच्या खाण्यात खोट, एवढं एकदा कानोकानी झालं की पनवेलमध्ये तुला कोणी उंबऱ्यात उभं करणार नाही. तू आणि आई मग कशावर जगाल? मी हे धंद्यातली म्हणून सांगते.

तू पाठवलेली पुडी मी आज उकिरड्यावर टाकली. राग मानू नकोस.

भामा


पनवेल
२३ एप्रिल १९९१

चि. सौ. भामावन्सं यांस अ. उ. आ.

राग कशाचा? तुम्ही तुमच्याकडची पुडी टाकलीत तिथेच मला उत्तर मिळालं. बाकीच्यांनाही टाकायला मिळायला हवी.

वहीत शेहेचाळीस घरं होती. सहा दिवस फिरले. प्रत्येक दारात एवढंच सांगितलं की मी भंगारातल्या पिंपात नाचणी भिजवली, त्यात काय होतं मला माहीत नाही, पीठ देऊ नका, डॉक्टरला दाखवा. हेतलबेनच्या सासूने पुड्या माझ्यासमोर गटारात ओतल्या आणि हात जोडून म्हणाली, फिरून येऊ नका. हेतलबेन आतून बाहेर आलीच नाही. कोळीवाड्यातली रंभा तेवढी म्हणाली, आमचा पोर तर एक पुडी संपवून दोन दात काढून बसलाय, दुसरी आमी नाय फेकत. तिच्याशी भांडून पुडी घ्यावी लागली. डॉक्टरांकडेही गेले. ते म्हणाले, पिठाने झालं असंही नाही आणि नाही असंही नाही, या दिवसांत सांगता येत नाही.

पिंप महादेवला परत दिलं नाही, तो दुसऱ्या कोणाला विकेल. पहारीने भोकं पाडून ठेवलं आहे.

वन्सं, एक गोष्ट आईंनाही सांगितलेली नाही. पिंप आणलं त्या दिवशी झाकण उघडताच वास आला होता. हे कंपनीतल्या ड्यूटीवरून आले की शर्टाला यायचा, तोच. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, आता घरातल्या कुठल्याही कपड्याला तो उरलेला नाही. राखेने घासताना मी जोर केला असता तर कदाचित गेला असता. मी जोर केला नाही. नाचणी उपसायला वाकले की तो यायचा, आणि मी जरा जास्त वेळ वाकलेली राहायचे. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं.

एक बाई राहिली आहे. स्टँडवर दोन पुड्या घेऊन उरणच्या गाडीत बसली. नाव विचारायला वेळ मिळाला नाही.

वेणूवहिनी


सातारा
२९ एप्रिल १९९१

ती. स्व. वहिनीस सा. न. वि. वि.

दादाचा तो वास मलाही आठवतो. राखीपौर्णिमेला यायचा तेव्हा मी नाक दाबायची आणि तो मुद्दाम जवळ यायचा. मागच्या पत्रात लिहिलं ते धंद्यातली म्हणून लिहिलं होतं, माणूस म्हणून नाही. ती बाई सापडली की लगेच कळव. तोवर मलाही जेवण जायचं नाही.

भामा


पनवेल
७ मे १९९१

चि. सौ. भामावन्सं यांस अ. उ. आ.

रोज दहाच्या सुमाराला उरणच्या गाडीपाशी उभी राहत होते. हातातली पिशवी बघून बायका विचारायच्या, मावशी काय विकता? मी म्हणायचे, विकत नाही, विकलेलं परत घ्यायला आले आहे. मग त्या जरा सरकून उभ्या राहायच्या. कंडक्टर आपसात हसायचे.

काल ती दिसली. चिरनेरची आहे, सुनीता नाव. मी हाक मारायच्या आधी तिनेच मारली. म्हणाली, मावशी, बरी भेटलीस, पुड्या कवाच संपल्या, आता चार दे. मुलगा कडेवर होता, अंगाने भरलेला, माझ्या पदराला हात घालत होता. तो धडधाकट दिसला आणि माझ्या मनात आलं, कशाला सांगायचं? भर उन्हात उभी राहून मी हा विचार केला, तुमच्यापासून काय लपवू.

मग सांगितलं. पिंपासकट सगळं.

ती ओरडली नाही. तिने मुलगा या कडेवरून त्या कडेवर घेतला, माझ्यापासून लांबच्या. त्याच्या पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, त्याला दुसरं काय जात नाय, आता मी त्याला काय देऊ?

आम्ही बाकावर बसलो. तिच्या शेतात नाचणी होते. मी तिला सगळं सांगितलं. किती वेळा धुवायची, घरच्या पातेल्यातच भिजवायची, ओल्या फडक्यात किती बांधून ठेवायची, मोड किती लांब येऊ द्यायचे, सावलीत किती आणि उन्हात किती, भाजताना वास कधी बदलतो, कापडातून गाळायची कशी. जे मी शेहेचाळीस घरांत कोणाला कळू दिलं नाही ते सगळं. गाडी लागली आणि सुटली, ती उठली नाही. पाणी कधी बदलायचं ते दोनदा विचारून घेतलं. मूल शेवटपर्यंत त्या लांबच्याच कडेवर होतं.

आईंचे आशीर्वाद. अजून मी लोभाला पात्र आहे असं वाटत असेल, तर तो राहू द्या.

तुमची वेणूवहिनी