चिंचेखालचं फाटक

चौसाळा, गुरुवार, दिवेलागण

माझ्या पत्र्याच्या वर्गात साठ पोरं एका सुरात कविता म्हणायची. तो आवाज अजून कानात आहे, आणि त्याच नादात मी घोळ करून बसलो. नात गौरी कविता म्हणतेय, तो व्हिडिओ मीच काल शाळेच्या नावासकट फेसबुकवर टाकला. कुणा अनोळखी माणसानं भरभरून दाद दिली. मी हुरळलो. मग त्यानं विचारलं, शाळा कधी सुटते? मी लिहिलं: साडेचारला, चिंचेखालच्या फाटकातून.

आज शाळेतून आल्यावर गौरीनं ते वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

“आबा, कावून सांगितलं? बाईंनी शिकवलंय, शाळा, वेळ कुणाला सांगायची न्हाई!”

“अगं, रसिक माणूस हाय.”

“तुमी बघितलाय का त्याला?”

नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केली, आणि एवढा साधा प्रश्न मला पडू नये? वर चिंचेखालचं फाटक! किती हौसेनं लिहिलं मी.

फळा पुसावा तसं माझं उत्तर पुसून टाकलं. पण त्यानं वाचलेलं कसं पुसू? उद्या पोरीला शाळेत धाडू की नको?

एवढं लिहितोय तोच कडी वाजली. मी उठलो तर गौरी ओरडली, “आबा, आदी कोण हाय ते इचारा!”

विचारलं.

“मी सुनंदा, गुरुजी.”

सुनंदा! माझ्या वर्गात जिला एकही कविता कधी पाठ झाली नाही, ती. आता गौरीच्या शाळेतली बाई.

“गौरीनं फोन केलता. त्याचं लिहिलेलं पुसू नका, पोलीस ठाण्यात दाखवायचंय. आन् उद्या फाटकाशी मी उभी हाय.”