आईला आपलं आडनाव नकोय

अण्णा, शुद्धलेखन चुकंल, रागावू नका. आठवीतच शाळा सुटली, अन मोबाईलवर एकेक अक्षर हुडकत टाईप करतीय.

आज वाळूजला जाताना कंपनीच्या बसमधी एक मावशी दुसरीला म्हणली, "साहेबाकडं सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं व्हतं ना? ऐन टायमाला टेकाळेगिरी केली व्हय गं?" सगळ्या हसल्या. शेजारची मला म्हणली, "आमच्या पाचोडकडं फुटणाऱ्याला म्हणत्यात असं. कुठून आलं कोण जाणं." मी गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं.

मी शाळेत व्हते तवा आपल्या गावच्या सरपंचावर अविश्वास आणायचा व्हता. कुणी फुटू नये म्हणून तुम्हा मेंबरांना चार दिवस दौलताबादच्या लॉजवर ठेवलं व्हतं, तिथून जीपनं सरळ मतदानालाच आणणार. आईनं मला मामाकडं सोडलेलं. मला तिथं करमंना. मतदानाच्या सकाळी सगळे रानात गेले अन मी मामाच्या फोनवरून रडत सांगितलं, अण्णा, लई ताप आलाय, या. तुम्ही कुणाला न सांगता एसटीनं आलात. कपाळाला हात लावताय. कपाळ गार. मला वाटतंय आता मार बसतो. तुम्ही म्हणलात, "उतरला वाटतं. चल, घरी जाऊ." तवर तिकडं एका मतानं ठराव पडला व्हता. लोक म्हणले, टेकाळे फुटला, सासरवाडीला जाऊन लपला. तुम्ही चावडीवर एवढंच म्हणलात, "माझं मन बदललं." माझं नाव मरेपर्यंत घेतलं नाय. मंग दुसऱ्या गावात कुणी फुटलं तरी लोक त्याला टेकाळेच म्हणायला लागले. वर्गात मला म्हणायचे. मी शाळेत जाणंच सोडलं.

आईला बी तेच खरं वाटतं. म्हणती, "ह्या नावानं तुझं कुठंच जमायचं नाय." उद्या आडनाव बदलायच्या कागदावर सही करणार हाय, तिच्या माहेरचं लावायचंय. आज मी तीनदा तिच्यापाशी जाऊन बसले. "काय गं?" "काय नाय." अण्णा, काय करू मी? तुमचं एवढंच राहिलंय आमच्याकडं, अन ते बी माझ्यामुळं चाललंय.

तुमचा नंबर आता दुसऱ्याला गेलाय, त्यावर कुण्या बाईचा फोटो दिसतो. तिला कशाला पाठवू? ताप नव्हता अण्णा. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं.

नळाला पाणी आलंय, आठ दिवसांनी. आई हाका मारतीय.